विळ्यावरचे तांबे

अकरावी विज्ञानाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. टेबलावर प्लास्टिकची एक बादली ठेवतो. बादलीत फिकट निळे, दुधाळ पाणी असते. शेजारी एका डब्यात भिजवलेला चुना आणि त्याच्याजवळ गवत कापायचा एक विळा. समोर साठ-सत्तर नवे चेहरे. काहींच्या पायांत नवे बूट, काहींच्या चपलांना अजून बांधावरचा चिखल. विळा बादलीत बुडवून मी मिनिटभर तसाच धरतो आणि बाहेर काढतो. पात्यावर तांबूस थर आलेला असतो.

'काय झाले?' असे विचारले की पुढच्या बाकावरून ताबडतोब उत्तर येते, 'डिस्प्लेसमेंट रिॲक्शन.' दहावीला मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा प्रयोग असतो, त्यामुळे हे उत्तर पाठच असते. पण मी त्या उत्तरावर थांबत नाही. मागच्या बाकांकडे पाहत राहतो. तिथे जरा कुजबूज होते, कोपराने एकमेकांना ढोसणे होते आणि मग कोणीतरी धीर करून म्हणतो, 'सर, चुना कमी पडलाय. अजून टाका.'

या उत्तरासाठीच तर सारा खटाटोप असतो. मी चुना घालतो, ढवळतो, विळा घासूनपुसून पुन्हा बुडवतो. या वेळी पाते स्वच्छ निघते. मागचा बाक हसतो. रसायनशास्त्राच्या वर्गात आपल्याला आधीपासून काही येते, हे त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळलेले असते.

हे मला सुचायला पहिले एक वर्ष वाया घालवावे लागले. त्या वर्षाबद्दल लिहिताना आजही हात जरा अडखळतो.

वणी म्हटले की लोकांना सप्तशृंगीचा गड आठवतो, चैत्रात पायी येणारे खानदेशातले भाविक आठवतात, नवरात्रातली गर्दी आठवते. गडाच्या पायथ्याचे हे गाव दिंडोरी तालुक्यात येते आणि गावाभोवतीचा पट्टा द्राक्षांचा, टोमॅटोचा, कांद्याचा. आमच्या वर्गात बागायतदारांची मुले असतात, बाजारपेठेतल्या दुकानदारांची असतात, आणि सुरगाणा-कळवणकडच्या पाड्यांवरून आलेली, आश्रमशाळेत दहावी केलेली मुलेही असतात. जवळजवळ सगळ्यांची दहावी मराठीतून झालेली. आणि अकरावीला विज्ञानाची पुस्तके उघडली की ती इंग्रजीत! उन्हाळ्याच्या एका सुटीत भाषा बदलते. पुढे डॉक्टर, इंजिनियर व्हायची स्वप्ने कितीतरी मुले याच सुटीत गमावतात. नंतरच्या परीक्षा फक्त तसा दाखला देतात.

पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने वर्गात शिरलो होतो. फळ्यावर अकरा नियम लिहिले, सगळे इंग्रजीत. वर्गात मराठी बोलायचे नाही, हा त्यातला पहिला. मुलांची सवय मोडायची तर पहिल्या दिवसापासून मोडली पाहिजे, असे माझे मत होते, आणि त्या वयात मते फार पक्की असतात. खिडकीजवळ सुरगाण्याकडची एक मुलगी बसायची. कधी प्रश्न विचारला नाही, कधी उत्तर दिले नाही. पहिल्या चाचणीत तिने आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणावरचा प्रश्न सोडवला, आणि बरोबर सोडवला. समीकरण बरोबर, आकडेमोड बरोबर. फक्त सगळे मराठीत. मी त्याखाली लाल शाईने 'इंग्रजीत लिही' असे लिहिले आणि शून्य दिले.

दिवाळीनंतर ती कला शाखेच्या वर्गात दिसू लागली. कला शाखेत काही वाईट नाही. पण ती तिथे आवडीने गेली नव्हती, हे मला ठाऊक होते. पुढे तिची-माझी भेट झाली नाही.

त्यानंतर मी भाषेचा नियम पुसून टाकला. आता पहिल्या महिन्यात फळ्याचे दोन भाग असतात. डावीकडे दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे अकरावीचा इंग्रजी शब्द देवनागरीत आणि त्याखाली रोमन स्पेलिंग. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, संहती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, क्षपण म्हणजे रिडक्शन, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. गंमत म्हणजे काही शब्दांच्या बाबतीत आमची मुले शहरातल्या मुलांच्या पुढे असतात. 'सामू' हा शब्द पुण्या-मुंबईच्या मुलाला विचारून पाहा. आमच्याकडे माती परीक्षणाचा कागद घरोघर असतो. जमिनीचा सामू आठच्या वर गेला की द्राक्षाची पाने पिवळी पडू लागतात आणि घरात लोहाच्या कमतरतेची चर्चा सुरू होते. तो सामू म्हणजेच पीएच, हे सांगितले की अर्धा धडा शिकवून झाला.

आणि मराठी शब्द अगदीच गावंढळ असतात, असेही समजायचे कारण नाही. ऑक्सिजन या नावाचा मूळ ग्रीक अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लाव्हाझिएची समजूत होती, म्हणून त्याने हे नाव दिले. पुढे हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नसतो. म्हणजे जगभर रूढ झालेले नाव चुकीच्या समजुतीवर उभे आहे आणि आपला 'प्राणवायू' आपला खरेपणा राखून आहे! हे सांगितले की मराठी माध्यमाची मुले जरा ताठ बसतात. असो.

बादलीतल्या त्या निळ्या पाण्याकडे परत येतो. मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणाला आमच्याकडे शेंबडे पोरही 'बोर्डो' म्हणते. पण हे एका गावाचे नाव आहे, याची बहुतेकांना कल्पना नसते. फ्रान्समधल्या बोर्डो शहराच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत. १८८२ साली तिथल्या विद्यापीठातला मिलार्दे नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ मळ्यांतून फिरत होता. त्या वर्षांत अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने, म्हणजे आमच्या भाषेत 'डाउनी'ने, तिथल्या बागा झोपवल्या होत्या. मिलार्देच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने हिरवी आहेत आणि आतल्या वेलींची गळून गेली आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. निळे डाग पाहून विष असेल या भीतीने कोणी हात लावीत नसे. मिलार्देने गायों या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्याच्या मदतीने त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेला बंदोबस्त बुरशीला लागू पडला!

ही गोष्ट मी मन लावून सांगतो, कारण तिच्यात मला मुलांकडून हवी असलेली पहिली गोष्ट आहे: जे दिसते ते पाहायचे, आणि शेजारच्या ओळीत ते का दिसत नाही, हे विचारायचे.

मोल ही संकल्पना अकरावीच्या मुलांचा पहिला मोठा अडथळा. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, हा आकडा ऐकला की वर्गावर अवकळा पसरते. मी मोरचुदाची पाव किलोची पुडी काढतो. स्फटिकरूपातल्या मोरचुदाचा रेणुभार सुमारे २४९.७, म्हणजे पाव किलो मोरचूद हा जवळजवळ नेमका एक मोल. एक टक्का बोर्डोसाठी शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद घालतात, म्हणजे चार मोल. मग त्या द्रावणाची मोलॅरिटी किती? वर्गातला प्रत्येक जण ०.०४ हे उत्तर काढतो, कारण शंभर लिटरची टाकी त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते, बहुतेकदा स्वतः भरलेली असते. परीक्षानळीत थोडे स्फटिक तापवून दाखवतो. पाणी उडून जाते आणि निळी पूड पांढरी पडते. थंड झाल्यावर थेंबभर पाणी टाकले की पुन्हा निळी. हा प्रयोग मी कितीतरी वर्षे करतो आहे आणि तो निळा रंग परतताना वर्गातून उठणारा आवाज अजून तसाच आहे.

आता नियमांविषयी. भाषेचा नियम गेला तरी बाकीचे राहिले, आणि त्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. केस बांधायचे, ओढणी खोचायची. परीक्षानळीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे करायचे नाही. वास घ्यायचा तो हाताने हवा नाकाकडे ओढून. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही, कारण सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना इतकी उष्णता निघते की वरून पडलेले पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडते. आणि काहीही तोंडात घालायचे नाही.

शेवटचा नियम मी स्वतःच्या जिभेवर शिकलो. आमच्या विद्यार्थिदशेत पिपेट तोंडाने ओढायची सर्रास पद्धत होती. एकदा सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ओढताना पिपेटचे टोक द्रावणाच्या वर आले आणि सगळा घोट तोंडात. साबण चाटल्यासारखी बुळबुळीत चव, मग आग. चार दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. शिक्षक म्हणाले, 'होते असे कधीकधी.' त्या 'होते असे'चा मला अजून राग आहे. आमच्या प्रयोगशाळेत रबरी फुगा लावल्याशिवाय पिपेटला हात लावता येत नाही.

पण या नियमांना खरी धार आली ती एका मुलाच्या प्रश्नाने. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. छाटणी झाल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. आमच्याकडे त्याला 'पेस्ट लावणे' म्हणतात. मजूर बाया-माणसे डोळ्यान् डोळ्याला हे औषध लावत ओळीच्या ओळी पुऱ्या करतात. मुलगा म्हणाला, 'सर, इथे एक थेंब सांडला तर तुम्ही आम्हाला नळाखाली हात धरायला लावता. आमच्याकडे तर उघड्या हाताने लावतात. मग तिथे का चालते?'

मी त्याला बाटलीवरचे लेबल वाचून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने ते वहीत उतरवून आणले. बारीक अक्षर, अर्धे इंग्रजी. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, सगळे त्यात होते. आणखी एक ओळ होती, जी घरात कोणीच वाचली नव्हती: हे औषध हाताळण्याच्या आधी आणि नंतर मद्य घ्यायचे नाही. हायड्रोजन सायनामाइड शरीरात गेले असेल तर मद्याचे पचन अर्ध्यावर अडते, ॲसिटाल्डिहाइड साठते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी थकवा घालवायला बसणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मुलगा ओळ वाचून दाखवताना मध्येच थांबला. मागच्या वर्षी त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका काकांना रात्री असेच झाले होते आणि घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला होता. काका वाचले, तेवढे बरे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ती बातमी आली त्या आठवड्यात मी पाठ्यक्रम बाजूला ठेवला. मुलांनी आपापल्या घरातल्या औषधांची लेबले उतरवून आणली आणि आम्ही ती दोन तास नुसती वाचली. लेबलावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषारीपणाचा क्रम सांगतो, लाल सर्वांत जहाल, हे वर्गात बोटांवर मोजण्याइतक्यांनाच ठाऊक होते. लाल त्रिकोणाची बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली होती, असे सांगणाऱ्या मुलीने त्याच संध्याकाळी ती हलवली.

प्रयोगशाळेत काच फुटते. फुटणारच. फुटली तर लगेच सांगायचे, रागावणार नाही. लपवली तर मात्र रागावेन, असे मी पहिल्याच दिवशी बजावतो. ब्रेकेजची वही दारापाशी टांगलेली असते. पहिल्या वर्षी ती वही कोरी होती आणि कपाटातले शंकुपात्रांचे तुकडे मात्र वाढत होते. आता वही भरते.

याच्याहून अवघड काम म्हणजे खरा आकडा लिहायला शिकवणे. टायट्रेशन करताना ब्युरेटचे वाचन तीनदा घ्यायचे असते. मुलांच्या जर्नलमध्ये तिन्ही वाचने १०.० मिलि, १०.० मिलि, १०.० मिलि. सुंदर अक्षरात, आणि बहुधा शेजारच्या जर्नलमधून. बारावीला लेखीचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण. हे तीस गुण कसे मिळतात याची चर्चा गावोगाव उघडपणे होते, त्यामुळे मुलांना तरी काय दोष द्यायचा? त्यात आता क्लासचे पेव फुटले आहे. सीईटी आणि नीटच्या तयारीसाठी दिवसभर एखाद्या खोलीत बसायचे आणि कॉलेजात फक्त सहीपुरते यायचे. अशी मुले रसायनशास्त्रात शंभरपैकी नव्वद आणतात आणि बर्नर पेटवायला घाबरतात. मला हे पटत नाही आणि पटवून घ्यायचीही इच्छा नाही.

खऱ्या आकड्याचे महत्त्व पटवायला मला वणीत फार लांब जावे लागत नाही. २०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षे अडकली. वेलीची अवाजवी वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आमच्या 'सीसीसी'चा अंश त्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाला. मर्यादा होती ०.०५ पीपीएम. हे म्हणजे किती, ते मी वर्गात काढायला लावतो. एका किलोत ०.०५ मिलिग्रॅम, एका टनात ५० मिलिग्रॅम. टनभर द्राक्षांत चिमूटभर मिठाच्याही एका बारक्या हिश्शाएवढे! आणि तेवढ्याने कंटेनर अडले, उधारी थकली, आमच्या भागातल्या कितीतरी घरांचे ते वर्ष बुडाले. वर्गातल्या मुलांनी घरात त्या वर्षाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. मग मी विचारतो, त्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने शेजारच्याचे पाहून आकडा लिहिला असता तर चालले असते का? आणि आपल्याकडे कोणी माल पाठवण्याआधी खरा आकडा काढून सांगितला असता तर? वर्गात शांतता होते. त्या आठवड्यातल्या जर्नलांत १०.१, १०.३, ९.९ अशी वाचने दिसतात. महिन्याभराने पुन्हा काही जण १०.० वर येतात, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मुलींसाठी मी एक गोष्ट राखून ठेवलेली असते. १९३३ साली मुंबईहून पदवी घेतलेली कमला भागवत ही तरुणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनाला गेली, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा एक वर्ष चाचणी म्हणून घेतले, तेही अटी घालून; तिच्यामुळे इतर संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, ही त्यांतली एक. त्यांनी काम करून दाखवले, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीला आपण कमला सोहोनी म्हणून ओळखतो. प्रयोगशाळेचे नियम सर्वांना सारखे असतील तरच ते नियम, हे मला फळ्यावर लिहावे लागत नाही. गोष्ट संपली की मुली एकमेकींकडे पाहतात. खिडकीजवळच्या त्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली नव्हती. त्या वर्षी मला नियम सांगण्यातून सवड नव्हती.

हळदीचा प्रयोग मुले घरी जाऊन करतात. टीपकागदाला हळदीचे पाणी लावून वाळवायचे आणि त्यावर चुन्याचा ठिपका द्यायचा. लाल डाग उमटतो. गडावर विकले जाणारे कुंकू पूर्वी असेच हळदीला आम्लारीची जोड देऊन करीत, हे आज्या सांगतात आणि नातवंडे दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगतात. २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने कवच उतरवण्यात आले, तेव्हा महिनाभर वर्गात शेंदराचाच विषय होता. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हे ऐकून एका मुलाने विचारले, 'मग तो हाताला लागला तर धुवायचा का, सर?' धुवायचा, म्हणालो. जेवायच्या आधी तर नक्कीच.

गेल्या हंगामात एका मुलाचे वडील दुपारी प्रयोगशाळेच्या दारात आले. हातात पाण्याची बाटली, तिच्यात बोर्डो. 'पोरगं म्हणतं, सामू सातच्या खाली आहे, चुना वाढवा. म्हटलं, सरांनाच विचारू.' मी मुलालाच पुढे केले. त्याने पीएच कागदाची पट्टी काढली, बुडवली, रंगांच्या तक्त्याशी लावून पाहिली. सहा. वडिलांनी मान हलवली. आमच्या डब्यातला चुना बाटलीत टाकला, बूच लावून हलवले, मुलाने दुसरी पट्टी बुडवली. सात.

'बरोबर आहे तुमचं,' ते म्हणाले. मग बाटलीतले पाणी आमच्या बादलीत ओतले, टेबलावरचा विळा उचलला आणि तो त्यात बुडवून घड्याळाकडे पाहत उभे राहिले.